न आलेल्या फॅक्सची सरासरी

त्या नोकरीत माझ्याकडे एकच तक्ता होता. प्रांताच्या तुरुंगांत रोज किती माणसं असतात, हे महिन्यातून एकदा वेबसाइटवर लोकांसाठी टाकायचं. डावीकडे तुरुंगांची नावं, पुढे प्रत्येकाची जागा किती, मग त्या महिन्यात रोज सरासरी किती माणसं होती, त्यांतली शिक्षा झालेली किती आणि खटला चालू असल्यामुळे कोठडीत ठेवलेली किती. खाली दोन तळटीपा आणि सगळ्यात शेवटी 'चौकशीसाठी' म्हणून एक फोन नंबर. तो फोन माझ्या टेबलावर होता.

शहराचं आणि खात्याचं नाव मी लिहीत नाही. मी आता एडमंटनला असते, वेगळ्या कामात, पण तेव्हाचे काही सहकारी अजून तिथेच आहेत. कॅनडाच्या प्रेअरीतलं, म्हणजे गवताळ मैदानी भागातलं, एक सरकारी शहर होतं आणि दोन हजारच्या दशकाचा उत्तरार्ध होता, एवढं पुरे.

मी तिथे संख्याशास्त्रात मास्टर्स करायला गेले होते. माझ्या घरात माझ्याआधी कुणी बारावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. वडील जिनिंगच्या काट्यावर कापसाचं वजन करायचे, आई ब्लाउज शिवायची. तालुक्याच्या कॉलेजात आम्हांला संख्याशास्त्र शिकवणारे एकच सर होते. बी.एस्सी.च्या वर्गात आम्ही चौघं उरलो होतो, तरी ते फळा भरून लिहायचे आणि पुसण्याआधी विचारायचे, "झालं का सगळ्यांचं?" परदेशातल्या विद्यापीठांचे फॉर्म त्यांनीच नेटकॅफेत बसून माझ्याबरोबर भरले. मला जे मिळालं त्यात त्यांचा वाटा किती, याचा मी कधी हिशेब केला नाही. करता आला नसता. पण मी पुढे जी चूक केली ती त्यांनी शिकवलेली नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

ती मी दुसरीकडे शिकले. बी.एस्सी. झाल्यावर वर्षभर मी पंचायत समितीत कंत्राटावर संगणकावर माहिती भरत होते. तालुक्यातल्या शाळांत रोज किती मुलं जेवली, याचे आकडे शाळांकडून फोनवर घ्यायचे आणि संध्याकाळी वर पाठवायचे. सगळ्या शाळांचा फोन रोज येत नसे. पहिल्या आठवड्यात मी अशा शाळांचा रकाना कोरा ठेवला, तर तिथले वरिष्ठ लिपिक माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"ताई, कोरा रकाना म्हणजे काय माहितीय का?"

"माहिती आली नाही, सर."

"नाही. कोरा रकाना म्हणजे जिल्ह्याहून फोन. कालचाच आकडा टाका. पोरं काय एका रात्रीत वाढतात का?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शाळेतली मुलं खरंच एका रात्रीत वाढत नाहीत. वर्षभर मी कालचा आकडा आज टाकत राहिले, आणि जिल्ह्याहून कधी फोन आला नाही. बोटांना तशी सवयच होऊन गेली.

तुरुंग खात्यातली नोकरी मला मास्टर्स संपल्यावर सप्टेंबरात मिळाली. तीही कंत्राटी होती, मार्चअखेरपर्यंत. आधी हे काम करणारा माणूस दुसरीकडे गेला होता आणि जाताना दीड पानाची टिपणं ठेवून गेला होता. पद्धत जुनी होती. प्रत्येक तुरुंगात सकाळी सहाला माणसं मोजत, आणि तिथला नोंदी ठेवणारा कारकून नऊच्या आत एक पानाचा फॅक्स आमच्याकडे पाठवी. मी तो आकडा एक्सेलमध्ये घालायची. महिनाअखेरीस सरासरी काढायची, माझ्या साहेबांना दाखवायची, आणि पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला तक्ता लोकांसमोर जायचा.

फॅक्स न आल्यास काय करायचं, ते त्या दीड पानात नव्हतं. मी कुणाला विचारलं नाही. नवीन होते, आणि विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. आठवड्यातून तीन-चार फॅक्स येत नसत. मी कालचा आकडा टाकत होते.

साहेब म्हणजे एक बाई होत्या, निवृत्तीला तीन-चार वर्षं राहिलेल्या. गव्हाच्या शेतावर वाढलेल्या. बोलणं कमी. माझा पहिला तक्ता त्यांनी पट्टी ठेवून ओळीओळीने तपासला आणि म्हणाल्या, "बेरजा जुळतात. इथे बेरजा जुळणं ही मोठी गोष्ट आहे." मला त्या दिवशी फार बरं वाटलं. संध्याकाळी मी घरी फोन करून वडिलांना सांगितलं. काट्यावरच्या माणसाला बेरीज जुळल्याचं महत्त्व सांगावं लागत नाही.

तक्ता वाचणारे लोक फारसे नव्हते. एक-दोन पत्रकार, विरोधी पक्षाच्या आमदाराच्या कार्यालयातला एक तरुण आणि विद्यापीठातले एक प्राध्यापक. नोव्हेंबरात आणखी एक वाचक निघाला.

फोनवर बाईचा आवाज होता, वय पन्नाशीच्या पुढचं असावं. ती उत्तरेकडच्या एका रिझर्व्हवरून बोलत होती, म्हणजे मूळनिवासींच्या राखीव वस्तीवरून. आधी तिने विचारलं, हा तक्ता कोण करतं.

"मी करते."

"तू स्वतः? मला वाटलं यंत्र करत असेल. यंत्राला शिव्या द्यायच्या म्हणून फोन केला होता."

मी तिला नियमाप्रमाणे सांगितलं, की कुठल्याही कैद्याबद्दल मला काही माहीत नाही आणि सांगताही येणार नाही.

"त्याच्याबद्दल नकोच सांगू. तो कुठे आहे ते मला ठाऊक आहे, मी त्याची आई आहे. मला या कागदाबद्दल विचारायचंय. इथे लायब्ररीत छापून घेतलाय." मग तिने आमच्या सगळ्यात जुन्या, पुरुषांच्या तुरुंगाची ओळ वाचून दाखवली. "यात लिहिलंय, जागा आहे त्यापेक्षा माणसं कमी. माझा मुलगा सांगतो, तो जमिनीवर गादी टाकून झोपतो. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?"

मी तिला सरासरी म्हणजे काय ते समजावलं. काही दिवशी जास्त, काही दिवशी कमी, महिन्याचं मिळून असं असं. ती मध्ये न बोलता ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे कमीच्या दिवशी तो दोन गाद्यांवर झोपत असणार."

मला हसू आलं, आणि लगेच वाटलं की हसायला नको होतं. पण तीही हसत होती. मग तिने माझं नाव विचारलं, मी सांगितलं, तिने दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. "मी तुला आकडेवाली म्हणेन. चालेल ना, माय गर्ल?" तिकडच्या वयस्क बायका कुठल्याही तरुण मुलीला असंच म्हणतात. मला ते आवडलं होतं.

जानेवारीत तिचा दुसरा फोन आला. या वेळी तिने तारीख घेऊनच सुरुवात केली. डिसेंबरातल्या एका शनिवारी ती चार तास गाडी चालवून मुलाला भेटायला गेली होती आणि दारावरूनच परत पाठवली गेली. भेटीच्या खोलीत माणसं झोपवली होती, म्हणून भेटी बंद.

"तुझ्या कागदावर डिसेंबरातही जागा शिल्लक आहे," ती म्हणाली. "ती मला दाखव. मी पुढच्या वेळी तिथे बसेन."

मी म्हटलं, तपासून सांगते. खरं सांगायचं तर तपासलं नाही. त्या आठवड्यात माझी कायम नोकरीसाठीची मुलाखत होती. खात्याने माझी कंत्राटी जागा कायम करायचं ठरवलं होतं आणि मला अप्लाय करायला सांगितलं होतं. ते पत्र हातात आलं असतं तर त्या आधारावर प्रांताकडून माझ्या पीआरचं, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याचं, नामांकन होणार होतं. नसतं आलं तर वर्क परमिट उन्हाळ्यापर्यंतच होतं. मी मुलाखतीत बेरजा जुळण्याबद्दल बरंच बोलले.

तिसरा फोन फेब्रुवारीच्या शेवटी, एका मंगळवारी सकाळी आला. या वेळी ती विनोद करत नव्हती.

तिच्या मुलाने गुन्हा कबूल केला होता आणि मार्चअखेरीस शिक्षा ठरायची होती. त्या वर्षांत तिकडे अशी रीत होती, की शिक्षेआधी कोठडीत काढलेले दिवस न्यायाधीश शिक्षेतून वजा करत, आणि ते एकास एक नाही तर साधारण दुप्पट धरत, कारण कोठडीतले दिवस अधिक कठीण समजले जात. गर्दी, भेटी बंद, शिकायची सोय नाही. पण तशी काही अडचण दिसली नाही तर दीडपटच. तोवर त्याचे आत आठ महिने होणार होते. दुप्पट धरले तर सोळा, दीडपट धरले तर बारा.

"सरकारी वकिलाने तुझा कागद छापून आणलाय," ती म्हणाली. "त्याचं म्हणणं, तिथे गर्दी नव्हतीच, हे बघा सरकारचेच आकडे. आमच्या वकिलाकडे साठ केसेस आहेत, तो म्हणतो आकड्यांशी भांडता येत नाही. म्हणून मी तुला विचारते. हा आकडा खरा आहे का?"

"मी आज बघते," मी म्हटलं. या वेळी खरंच बघितलं.

मी एका मोठ्या कागदावर डिसेंबरचं कॅलेंडर आखलं आणि त्या तुरुंगाचा रोजचा आकडा त्यात लिहिला. कालचा आकडा पुन्हा टाकला होता त्या दिवशी लाल गोल केला. अकरा गोल झाले. तिने सांगितलेला शनिवार त्यांतला एक होता. त्याच्या पुढचा रविवार, सोमवारही. मग मी फॅक्सची फाइल काढून सप्टेंबरपासूनचे महिने तसेच आखले. न आलेले फॅक्स विखुरलेले नव्हते. शनिवार-रविवारला लागून होते, सुट्ट्यांच्या आगेमागे होते आणि एका तुरुंगाचे सर्वाधिक होते.

त्या तुरुंगाच्या कारकुनाला मी फोन केला. आवाजावरून वयस्क वाटणारा, गमत्या माणूस होता. आमचं फोनवर नेहमी हवेबद्दल बोलणं होई. मी विचारलं, अमुक दिवशी फॅक्स का नाही आला?

"तारखा वाच." मी वाचल्या. तो म्हणाला, "हां, ते दिवस. शुक्रवारी रात्रीपासून पोलीस माणसं आणून सोडतात आणि सोमवारपर्यंत कोर्ट बंद. अशा सकाळी मी फॅक्स करत नसतो गं, गाद्या मोजत असतो. फॅक्सच्या खोलीतही दोघं झोपले होते, त्यांना उठवून तुला आकडा पाठवू?"

"पण मोजणी झाली होती?"

"मोजणी रोज होते. वहीत आहे. कुणी मागितलीच नाही."

दुपारपर्यंत त्याने वहीची पानं फॅक्स केली. मी खरे आकडे घालून पुन्हा सरासरी काढली. एक सप्टेंबर सोडला तर त्या तुरुंगात एकही महिना असा नव्हता, की ज्यात माणसं जागेपेक्षा कमी होती.

ज्या दिवशी आकडा येत नाही, तो दिवस बाकीच्या दिवसांसारखा असेलच असं नाही, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात. सरांनी आम्हांला ते शिकवलं होतं. तुरुंगात तर आकडा न येण्याचं कारणच गर्दी होती. सगळ्यात भरलेले दिवस तेवढे मी वेचून काढून टाकले होते आणि त्यांच्या जागी गुरुवार-शुक्रवारचे शांत आकडे बसवले होते. असे पाच महिन्यांचे तक्ते लोकांसमोर होते. बेरजा सगळ्या जुळत होत्या.

मी त्याच संध्याकाळी साहेबांकडे जायला हवं होतं. त्या साडेचारला बूट चढवून, कोट घालून माझ्या टेबलावरून गेल्या, आणि जाताना म्हणाल्या, "तुझं पत्र संचालकांच्या सहीला गेलंय. आठवडाभर लागेल." मी थँक यू म्हटलं. हातातला कागद मी उलटा करून ठेवला होता.

मी तेव्हा एका नागपूरच्या जोडप्याच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. ते दोघं आयटीत होते. मी त्यांना दादा-वहिनी म्हणायची, आणि आठवड्यातून तीन-चार वेळा तरी वरच जेवायची. त्या दिवशी दादा बाहेर ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होते. वहिनींनी माझं ताट वाढलं आणि समोर बसल्या.

"काऊन गं, तोंड पाडून बसली? भाजी खारट झाली का?"

मी सगळं सांगितलं. वहिनी हुशार होत्या, त्यांना कॅलेंडर आणि लाल गोल एकदाच सांगावे लागले.

"चूक तुझी आहे हे कोणाला समजलं का?"

"कारकुनाला अंदाज असेल. बाकी कुणाला नाही."

"मग सही होऊ दे."

"वहिनी, त्या बाईच्या मुलाची तारीख आहे."

"मार्चअखेर आहे ना? अजून तर मार्चही नाही लागला. बाप्पा, तू काय फाशीची तारीख असल्यासारखी करून राहिली. पत्र हातात घे, मग दुसऱ्या दिवशी जाऊन सांग. तू काही खोटं नाही सांगून राहिली. उशिरा सांगून राहिली, एवढंच." मग त्यांनी त्यांच्या मुलाकडे पाहिलं. तो ताटातली भेंडी एका बाजूला सारत होता. "खा रे ते."

"आय एट सम," तो म्हणाला.

"पाहिलं? यानं दोनच फोडी खाल्ल्या. हाही खोटं नाही सांगून राहिला."

आम्ही तिघंही हसलो. वहिनींना दोष देण्यासाठी हे लिहिलेलं नाही. त्यांनी मला दोन वर्षं स्वतःच्या बहिणीसारखं सांभाळलं, आणि त्या जे बोलल्या तेच मला ऐकायचं होतं. मी गावाकडे फोन केला तेव्हा वडिलांना काही सांगितलं नाही.

नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत मी दुरुस्त तक्ता पूर्ण तयार केला, प्रत्येक तुरुंगाच्या वहीची पानं मागवून सगळे कोरे दिवस भरले, कुठला आकडा कशामुळे बदलला त्याची यादी केली. कामात कसूर म्हणता येणार नाही. त्या बाईचा एक निरोप फोनवर होता: "आकडेवाली, काही कळलं का?" मी उलट फोन केला नाही. प्रसिद्ध न झालेला आकडा बाहेर द्यायचा नाही, असा नियम होता. तो खरोखरच होता.

नवव्या दिवशी, गुरुवारी, पत्र आलं. जाड कागद, वर प्रांताचं चिन्ह. मी ते बॅगेत ठेवलं, दुरुस्तीचे कागद उचलले आणि साहेबांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं, पंचायत समितीच्या सवयीसकट. नऊ दिवस तेवढे सांगितले नाहीत.

त्यांनी पट्टी काढली आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवून ओळीओळीने पाहिले. पुष्कळ वेळ लागला.

"आधीचा माणूस कोऱ्या दिवसांचं काय करायचा?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. टिपणांत नाहीये."

"मीही कधी विचारलं नाही. नऊ वर्षं हा तक्ता माझ्या सहीने जातोय." त्यांनी चष्मा काढला. "तू घाबरली होतीस का?"

"हो."

"कशाला? यासाठी इथे कुणाला काढत नाहीत. जो सांगत नाही त्याला काढतात."

मी खाली पाहत होते. त्यांना ते नम्रपणाचं वाटलं असावं. त्या म्हणाल्या, मला घेतलं ते बरं झालं.

मला वाटलं होतं, दुरुस्ती दोन दिवसांत जाईल. तसं नव्हतं. एक पानाचं टिपण लिहायला लागलं, ते तीन टेबलांवरून वर गेलं. प्रसिद्धी विभागाने 'चूक' हा शब्द काढून 'पद्धतीतील सुधारणा' असं घातलं, साहेबांनी ते खोडून पुन्हा 'चूक' लिहिला, आणि या एका शब्दासाठी कागद आठवडाभर खाली-वर होत राहिला. मंत्र्यांच्या कार्यालयाला आधी कळवायचं होतं. साहेब रोज विचारत होत्या, एकदा तर स्वतः वर जाऊन बसल्या. मी त्यांना मार्चअखेरची तारीख आहे असं सांगितलं होतं, कुणाची ते नाही. एवढं करूनही जवळजवळ तीन आठवडे गेले. बुधवारी दुपारी दुरुस्त तक्ता वेबसाइटवर चढला. वर ठळक अक्षरांत सूचना: मागील पाच महिन्यांच्या आकड्यांत चूक होती, न मिळालेल्या दिवसांसाठी आदल्या दिवसाचे आकडे वापरले गेले होते, आता मूळ नोंदींवरून ते सुधारले आहेत.

आता नियमाची अडचण नव्हती. मी तिचा नंबर फिरवला.

"हं, आकडेवाली," ती म्हणाली.

"तक्ता दुरुस्त झालाय. तुमचं बरोबर होतं. तिथे जागा नव्हती. मी छापून पोस्टाने पाठवते, वकिलांना देता येईल."

पलीकडे टीव्हीचा आवाज होता. तो बंद झाला.

"तारीख सोमवारी होती," ती म्हणाली. "आधी घेतली त्यांनी. शिक्षा सोळा महिन्यांची, दुप्पट धरले असते तर तो त्याच दिवशी घरी आला असता. दीडपट धरले."

मी कॅलेंडरकडे पाहिलं; सोमवार म्हणजे परवा.

"वकील म्हणतो, नवीन कागद असेल तर वरच्या कोर्टात जाता येईल. मी कालच मुलाला विचारलं होतं, पुढे जायचं का. तो नको म्हणतो. पुन्हा बेड्या घालून त्या गाडीत बसून दोन-दोन तास कोर्टाबाहेर थांबायचं, नको म्हणतो. चार महिने काढीन म्हणाला. उन्हाळा जाईल त्याचा. मासेमारी जाईल. पाठव तू तो कागद, ठेवीन मी."

"पाठवते."

"तुला कळलं केव्हा हे?"

कार्यालयात अशा प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर होतं: पडताळणीचं काम काही काळ सुरू होतं. ते माझ्या तोंडाशी आलं होतं.

"तुमचा फोन आला त्याच दिवशी," मी म्हटलं.

"फेब्रुवारीत."

"हो."

"मग वेळ होता."

"हो. मी नऊ दिवस कुणाला सांगितलं नाही. माझ्या कायम नोकरीचं पत्र सहीला गेलं होतं. ते अडेल असं वाटलं."

 

"आलं का पत्र?" तिने विचारलं.

"आलं."

"बरं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, दुसरंही काही नव्हतं. मग तिने पत्ता सांगितला, सावकाश, पोस्टाच्या पेटीच्या नंबरासकट, आणि मला तो परत वाचून दाखवायला लावला. मी वाचला. "बरोबर आहे," म्हणून तिने फोन ठेवला. या वेळी ती माय गर्ल म्हणाली नाही.

मी तक्ता दुसऱ्याच दिवशी पाठवला. सोबत चिठ्ठी लिहायला बसले होते, पण दोन ओळींच्या पुढे जे येत होतं ते सगळं माझ्याबद्दल होतं. म्हणून चिठ्ठी घातली नाही.

पुढच्या वर्षी माझं पीआर झालं. वडिलांनी जिनिंगवर पेढे वाटले. सरांना मी पत्र लिहिलं आणि त्यात या तक्त्याबद्दलही लिहिलं, नऊ दिवसांसकट. त्यांचं उत्तर आलं, त्यात त्यांनी कोऱ्या नोंदींवरची दोन पुस्तकं सुचवली होती आणि तब्येत विचारली होती. बाकीच्याबद्दल काही नव्हतं. दोन-तीन वर्षांनी कायदा बदलला आणि दुप्पट-दीडपट हा प्रकारच जवळजवळ संपला.

तोवर तो तक्ता मीच करत होते. कोऱ्या दिवशी मी कारकुनांना फोन करायची, आणि फोन लागला नाही तर रकान्यात आडवी रेघ यायची आणि खाली तिचं कारण. पण मला आठवतात ते त्याच वर्षीचे एप्रिल ते जुलैचे तक्ते. तिच्या मुलाला कुठे ठेवलं ते मला माहीत नव्हतं, विचारणं शक्य नव्हतं. तरी ते चार तक्ते करताना, दर वेळी पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला मी 'शिक्षा झालेले' या रकान्याची बेरीज करायची, तेव्हा सगळे तुरुंग मिळून जो आकडा यायचा, त्यात तो एक होता. बेरीज बरोबर येई. मी दोनदा करायची.